नवा लॅपटॉप आणि आत्याचे बेचाळीस सेकंद

यंदाच्या पावसात पुतणीला नवा लॅपटॉप घेतला. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, म्हणजे लॅपटॉप आलाच. खोकं घरी आलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस, दिवे जाऊन-येऊन, आणि आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन तयार. "पहिला पुजूया, मग कितें तें करा," असा तिचा हुकूम. झाकणावर एक बोट हळद, एक बोट कुंकू लागलं. पुतणीने बटणाकडे हात नेला आणि मी ओरडलो, "थांब! अजून चालू करायचा नाही."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आजी परवडली, काका नको.

माझं म्हणणं असं होतं की नवं यंत्र पहिल्यांदा आपल्या नावाने उघडण्याआधी, ते कारखान्यातून जसं आलं तसंच्या तसं एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. सगळी डिस्क, कानाकोपऱ्यासकट. मग काय ते हळदकुंकू, फोटो, गाणी, अभ्यास. तिचं म्हणणं, "काका, त्यात काहीच नाहीये अजून. रिकाम्याचा कसला बॅकअप?"

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर द्यायचं तर मला २०१० सालापर्यंत मागे जावं लागतं, आणि ते मी सहसा टाळतो.

माझा पहिला लॅपटॉप डिसेंबर २००७ मधला. विंडोज व्हिस्टा, १६० जीबीची डिस्क, आणि वजन असं की पणजी बसस्थानकावरून घरी येईपर्यंत खांदा उतरावा. त्या काळात कंपन्यांनी एक नवी काटकसर सुरू केली होती. पूर्वी संगणकासोबत विंडोजच्या सीडी मिळत. आता त्याऐवजी त्याच डिस्कवर दहाएक जीबीचा एक कोपरा राखून ठेवायचे आणि म्हणायचे, बिघडलं तर यातून परत घ्या. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच फडताळात ठेवायची आणि बाहेरून कुलूप लावायचं! डिस्कच गेली तर कोपराही गेला. हे कंपन्यांनाही ठाऊक होतं, म्हणूनच नव्या यंत्रावर एक चौकट सारखी उगवायची: रिकव्हरी डिस्क बनवून घ्या, कोऱ्या डीव्हीडी घाला. खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. मी अडीच वर्षं 'नंतर' दाबलं. दोन-तीन डीव्हीडींचा प्रश्न होता.

तेवढ्यात एका हुशार मित्राने सल्ला दिला की महत्त्वाच्या गोष्टी सी ड्राइव्हवर ठेवू नयेत. म्हणून मी सी लहान करून उरलेल्या जागेत एक ई ड्राइव्ह केली. मधली डी म्हणजे कंपनीचा तो राखीव कोपरा. या ई मध्ये माझं सगळं वैभव. लेख, फोटो आणि आत्याची गाणी.

आत्या पेडण्याची. म्हणजे दिलेली पेडण्याला. अक्षरओळख जेमतेम, पण तोंडात धालोची गीतं, फुगड्या, जात्यावरच्या ओव्या यांचा साठा असा की संपायचं नाव नाही. पौषात मांडावर धालो सुरू झाले की बायका दोन रांगांत उभ्या राहून पुढे-मागे झुलत गातात. त्या रांगेत पहिलं पद उचलणारी बहुधा आत्याच. भाषा अर्धी मराठी, अर्धी कोंकणी. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते तिला विचारलं असतं तर तिने मलाच वेड्यात काढलं असतं. (आमच्याकडे या सीमेवरून केवढं रण माजलं! आत्या मात्र तिच्यावरूनच रोज ये-जा करत होती.) २००८ आणि २००९ च्या पौषात मी तिच्याकडे जाऊन बसलो. मांडावर नाही, कारण तिथे पुरुषाने रेकॉर्डर घेऊन घुटमळणं बरं दिसत नाही. दुपारी, तिच्या पडवीत, विळीवर तिचे हात चाललेले असताना. हातात मावणारा एक रेकॉर्डर होता, तो सुपारीच्या डब्यावर ठेवायचा. दोन वर्षांत मिळून नऊ तास भरले. 'सवडीने उतरवून काढू' म्हणून ई ड्राइव्हवर टाकले आणि रेकॉर्डर पुसून पुन्हा मोकळा केला. आत्या २००९ च्या चवथीआधी गेली.

जुलै २०१० मध्ये, असाच पाऊस, असेच दिवे ये-जा करणारे, आणि एका सकाळी लॅपटॉप उघडेना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिला. मुलगा मनाने चांगला, कामाला वाघ. कंपनीची डिस्क माझ्याकडे नव्हती, तेव्हा त्याच्याकडे असलेली एक्सपीची सीडी घालायची असं ठरलं. मी कचेरीत पोचतो न पोचतो तोच त्याचा फोन. "सर, हांगा तीन ड्रायव्ह दिसतात. कितें दवरपाचें?"

मी मोठ्या जाणतेपणाने म्हटलं, "ई तेवडी सांबाळ. डी कंपनीची, ती गेली जाल्यार चलता."

त्याने ई सांभाळली.

आता यातली गोम मला फार उशिरा कळली. सी, डी, ई ही नावं डिस्कवर कुठेही कोरलेली नसतात. विंडोज ती आपल्या हिशेबाने वाटते, आणि तो हिशेब ज्या त्या विंडोजपुरता खरा. एक्सपीची सीडी नव्याने डिस्क वाचते तेव्हा आधी चालू विभागाला सी देते, मग विस्तारित भागातल्या विभागांना पुढची अक्षरं, आणि उरलेल्या मुख्य विभागांना शेवटी. माझी ई विस्तारित भागातली होती, कंपनीचा कोपरा मुख्यातला. साहजिकच माझ्या व्हिस्टातली ई त्या मुलाच्या पडद्यावर डी झाली आणि कंपनीचा कोपरा झाला ई. मी सांगितलं तसं त्याने अक्षरशः केलं. कारखान्यातला माल जिवापाड जपला आणि आत्या पुसली. वर जागा वाढावी म्हणून सी आणि डी एक करून साग्रसंगीत फॉरमॅट मारला. चार वाजता फोन आला, "सर, जालें, एकदम फास्ट चलता."

गंमत पुढेच आहे. तो राखून ठेवलेला कोपराही काही कामाचा उरला नाही. चालू होताना जी कळ दाबली की तो जागा व्हायचा, ती सोय डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या नोंदीत असते आणि एक्सपीने आपली नोंद तिच्यावर लिहिली होती. लॅपटॉपच्या पोटावरचं परवान्याचं लेबल तर अडीच वर्षांच्या घामाने केव्हाच पुसलं होतं.

त्या मुलाला मी कधी दोष दिला नाही. लोक म्हणाले, आकार बघायला हवा होता त्याने. बघायला हवा होता, खरं. पण विचारलं तर होतं ना त्याने? पंचवीस लॅपटॉप टेबलावर पडलेले असताना फोन करून विचारलं होतं. उत्तर देणारा मी होतो.

नंतर पुसलेल्या डिस्कमधून हाती लागेल ते उपसणारी दोन-तीन सॉफ्टवेअरं रात्र-रात्र चालवली. साडेतीनशे फोटो मिळाले, निम्मे अर्धेच. लेखांचे तुकडे मिळाले. आवाजाची एकच फाईल वाजली, बेचाळीस सेकंदांची. तिच्याबद्दल पुढे.

तर पुतणीच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की पहिल्या दिवशी मी ती डिस्क उतरवून ठेवली असती तरी त्यात आत्या नसतीच. ती नंतर आली. रिकाम्याचा बॅकअप रिकामाच. पण तो घेतला असता तर तीन गोष्टी झाल्या असत्या. घरात एक बाहेरची डिस्क आली असती, जी मी दीड वर्षात पाच हजार रुपये वाचवण्यासाठी घेतली नव्हती. डिस्कवर कुठे काय आहे, कितवा विभाग किती मोठा, याचा नकाशा माझ्यापाशी असता. आणि परक्या सीडीची गरजच पडली नसती. वस्तू हातात येताच तिच्या मरणाचा विचार करायचा, हे जरा अभद्र वाटतं, त्यात हळदकुंकू ओलं असताना तर फारच. पण तोच एक मुहूर्त असतो. दुसऱ्या दिवसापासून आपण त्या यंत्रात राहायला जातो आणि मग 'नंतर'चं बटण जवळचं वाटू लागतं.

आमच्या आजोळी एक फडताळभर हस्तलिखित पोथ्या होत्या. पोथी उतरवून झाली की लेखनिक शेवटी दोन-चार ओळी आपल्या पदरच्या घालत असे. जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका, अशा अर्थाच्या. डिस्कची हुबेहूब प्रत म्हणजे नेमकं हेच. कंपनीने भरून दिलेला कचरा, पंधरा दिवसांनी पैसे मागणारी ती अँटिव्हायरसं, कोणी न मागितलेले खेळ, सगळं इमाने इतबारे उतरतं. शुद्ध करायचा अधिकार लेखनिकाला नाही. त्याच लेखनिकांची आणखी एक विनवणी असे, पोथीच्याच तोंडी घातलेली. तेलापासून वाचव, पाण्यापासून वाचव, सैल बांधणीपासून वाचव, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. पहिल्या तीन गोष्टी मी गोव्यातल्या पावसात जमेल तशा सांभाळतो. चौथीचं काय करायचं? ती पोथी माझ्याच हातात होती.

गोमंतकीयाला प्रतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको खरं तर. १५६० साली कुशस्थळीहून मंगेशाला जुवारीपलीकडे प्रियोळला हलवलं, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पण ती स्थलांतरं. मूळ वस्तूच उचलून नेली, मागे देऊळ पडलं. प्रतीची खरी कथा आपल्याकडे फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण मराठीत रचलं. १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, रोमन लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे ठसे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. तीन आवृत्त्या! आणि आज त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत उपलब्ध नाही. १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेवरच वरवंटा फिरवला, त्यानंतर इथे अशा पुस्तकांना कोण वाली? उरलं ते हाताने उतरवलेलं. घराघरांतून वाचायला म्हणून कुणी कुणी उतरवून घेतलेल्या, एकीवरून दुसरी अशा केलेल्या प्रती. त्यांच्याच आधाराने मंगळूरला १९०७ मध्ये सालढाणांनी ते पुन्हा छापलं. देवनागरीतलं एक हस्तलिखित तर विल्यम मार्सडेनच्या संग्रहातून थेट लंडनला जाऊन बसलेलं निघालं.

मला या गोष्टीत नेहमी एक वाटतं. छापणाऱ्यांनी तीनदा छापलं ते टिकावं म्हणून. उतरवणाऱ्या बाबाने मात्र टिकावं म्हणून उतरवलं नव्हतं, त्याला रविवारी वाचायला हवं होतं म्हणून उतरवलं. आणि टिकलं ते त्याचं. एकाच जागच्या हजार प्रतींपेक्षा हजार जागची एकेक प्रत बरी.

असो. तर पुतणीचा लॅपटॉप.

मी वापरतो ते क्लोनझिला. तैवानमधल्या मंडळींनी केलेलं, फुकट, आणि दिसायला इतकं कुरूप की पुतणी म्हणाली, "हे १९८५ मधलं आहे का?" ते आधी दुसऱ्या संगणकावर बसून पेनड्राइव्हवर चढवायचं. नवं यंत्र चालू करताना लगेच बूट मेनूची कळ दाबायची (कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप, कंपनीगणिक देव वेगळा) आणि पेनड्राइव्ह निवडायचा. म्हणजे आतलं विंडोज झोपलेलंच राहतं. कळ चुकली आणि विंडोजचं 'नमस्कार, कुठल्या देशातले तुम्ही' सुरू झालं तरी घाबरायचं नाही, काही न भरता बंद करायचं.

एका जागी मात्र श्वास रोखून वाचायचं. पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक येतात. एकीचा अर्थ डिस्क जतन करा, दुसरीचा जतन केलेलं डिस्कवर ओता. दुसरी निवडली तर उलटी गंगा. ते दोनदा विचारतं, पण मीही फोनवर एकदा विचारला गेलोच होतो. म्हणून मी पुतणीला सांगितलं, अक्षरांवर जाऊ नको, आकार बघ. ५१२ जीबी ती नवी, दोन टीबी ती बाहेरची. कुठून, कुठे, हे मोठ्याने म्हण. तिने म्हटलं. आईने आतून विचारलं, "मंत्र म्हणतां गो?"

चालू करण्याआधीच हे का करायचं याला हल्ली आणखी एक कारण झालं आहे. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने एकदा आत शिरलं की बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी चावी त्या खात्यात जाऊन बसते. चोराच्या दृष्टीने उत्तम. पण मग बाहेरून प्रत करणाऱ्याला आत काय भरलंय, काय रिकामं, ते कळत नाही, आणि तो बिचारा सगळी ५१२ जीबी अंधारातच उतरवतो. कोऱ्या यंत्रावर फक्त भरलेला भाग उतरतो. आमचं काम पाऊण तासात झालं, आणि फायली दाबून बसवल्यावर पंचवीसेक जीबीत मावलं. त्या फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाईल असते, विभागांच्या नकाशाची. मी ती छापून लॅपटॉपच्या बिलाला टाचली. पुतणी हसली. हसू दे.

शेवटी 'उतरवलेलं तपासू का' असं ते विचारतं, तेव्हा हो म्हणावं. हे मी दुसऱ्यांदा आपटून शिकलो. पुढच्या लॅपटॉपच्या रिकव्हरी डीव्हीडी मी शहाण्यासारख्या पहिल्याच दिवशी केल्या होत्या, २०११ मध्ये, चार. पाच पावसाळ्यांनी गरज पडली तेव्हा तिसरीवर बुरशीची नाजूक नक्षी. तीन चांगल्या असून उपयोग शून्य. आता डिस्क हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसह ठेवतो आणि दर चवथीला माटोळीचं सामान काढताना एकदा लावून बघतो. दुसरी प्रत बेळगावला बहिणीकडे. तिला आत काय आहे ठाऊक नाही, ती तिला 'तुझी पेटी' म्हणते.

एक कबूल करायला हवं. आज हे सगळं पूर्वीइतकं अडत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून परवान्याची किल्ली यंत्राच्या मदरबोर्डमध्येच असते, घामाने पुसायला लेबल नको. विंडोज उतरवून घेता येतं, बऱ्याच कंपन्याही आपापली प्रत देतात. कुणी म्हणेल, काकांचा हा सोपस्कार आता निव्वळ सोवळं आहे. असेल. पण ज्या मुलीच्या हातून पहिल्याच संध्याकाळी एक डिस्क उतरली, तपासली गेली, डब्यात गेली, ती मुलगी चार वर्षांचा अभ्यास एकाच जागी ठेवील असं मला वाटत नाही.

काम चाललं असताना पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वाट बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिला २०१० ची गोष्ट सांगितली. आतापर्यंत घरात कुणाला पूर्ण सांगितली नव्हती. ती गप्प झाली. मग म्हणाली, "ते बेचाळीस सेकंद आहेत अजून?"

माझ्या जुन्या यंत्रावर लावले. पाऊस पत्र्यावर वाजत होता, तेव्हा आधी नीट कळलंच नाही. रेकॉर्डिंगमध्येही सुरुवातीला खरखर आहे, मग विळीचा कर्र असा आवाज, लांब कुठेतरी कोंबडा. आणि मग आत्या. गात नाही. विचारतेय, "जालें रे चालू तें?" माझा आवाज, "जालें, जालें. म्हण." ती घसा खाकरते. पहिला सूर घेण्यासाठी श्वास घेते, आणि फाईल संपते.

"आतेआजी ही?" पुतणीने विचारलं. तिने आत्याला पाहिलेलं नाही.

पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं. तेवढ्यात नव्या लॅपटॉपवर पांढऱ्या अक्षरांत आलं की प्रत पूर्ण, तपासणी ठीक. आम्ही पेनड्राइव्ह काढला आणि तिने पहिल्यांदा ते यंत्र आपल्या नावाने उघडलं. देश, भाषा, वायफाय, सगळं भरून झालं. तिसऱ्या मिनिटाला माझ्याकडे हात पुढे केला, "ती फाईल द्या."

रविवारी ती हॉस्टेलवर गेली. आत्याच्या प्रती आता चार झाल्या. एक माझ्याकडे, एक डब्यात, एक बेळगावला, एक फर्मागुढीला.